मदत हवी आहे (मेडिकल कोडिंग): मांडीच्या नर्व्हचा कोड, क्यूएने (कोड तपासणाऱ्याने) एरर दिली, रिबटल (एररवरची हरकत) आजच द्यायचंय

रात्रपाळी
मंडळी, घाईत लिहितेय. डायग्नोसिस मेराल्जिया पॅरेस्थेटिका, म्हणजे नस दबून मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या-बधिरपणा. मी जी५७.१२ (डावी बाजू) लावला. क्यूए म्हणतो, असेसमेंटमध्ये (डॉक्टरच्या निष्कर्षात) बाजू लिहिलेली नाही, म्हणून जी५७.१० (अनस्पेसिफाइड, बाजू न सांगणारा) हवा. एरर क्रिटिकलमध्ये धरलीये, महिन्याचा स्कोअर बोंबलणार. शिफ्ट संपायच्या आत रिबटल टाकायचंय. गाईडलाईनमधला नेमका मुद्दा सांगा. गुगल करून उत्तरं चिकटवू नका प्लीज.

बाकावरचा_शेवटचा
एवढं काय त्यात? जी५७.१ लिहा आणि मोकळ्या व्हा. आमच्या नाशिकच्या हॉस्पिटलात टीपीएला (विम्याचे क्लेम बघणाऱ्या कंपनीला) एवढंच जातं. डावं-उजवं कुणी विचारत नाही.

रात्रपाळी
अमेरिकन चार्ट आहे हो. आयसीडी-१०-सीएम, तिकडची आजारांच्या कोडची यादी.

बाकावरचा_शेवटचा
मग तसं आधी लिहायचं ना.

चष्मा_विसरलो
ओपी (बाह्यरुग्ण) की आयपी (दाखल)? आणि व्हिजिटची तारीख? डॉक्टरने ‘मेराल्जिया’ ठामपणे लिहिलंय की ‘प्रॉबेबल’ वगैरे? ओपीत ‘प्रॉबेबल’ असेल तर जी५७ला हातच लावायचा नाही, मुंग्या-बधिरपणा लक्षण म्हणून आर२० मध्ये जाईल. आयपीत डिस्चार्जच्या वेळी तसं लिहिलेलं चालतं, ओपीत नाही.

रात्रपाळी
ओपी. न्यूरॉलॉजी. डायग्नोसिस ठाम आहे, ‘प्रॉबेबल’ नाही. तारीख यंदाची.

झणझणीत
ताई, माझ्याही मांडीच्या बाहेरच्या बाजूला सहा महिने आग व्हायची. पट्टा सैल केला, घट्ट जीन्स सोडली, वजन उतरवलं, गेली. कमरेच्या हाडाजवळ जांघेच्या लिगामेंटखाली ती नस दबते म्हणे. एमआरआयच्या नादी लागू नका.

रात्रपाळी
मला काही झालेलं नाहीये. पेशंटला झालंय.

साखरपेरणी
पेशंटला डायबेटिस आहे का? असेल तर ही सगळी चर्चाच चुकीची आहे. इंडेक्समध्ये (कोडच्या सूचीत) डायबेटिसच्या ‘विथ’ (‘सह’) या शब्दाखाली मोनोन्यूरोपॅथी (एकाच नर्व्हचा आजार) आहे. डॉक्टरने संबंध लिहिला नसला तरी गृहीत धरायचा. मग कोड ई११.४१. आमच्याकडे दर आठवड्याला कुणीतरी यातच मार खातं.

रात्रपाळी
डायबेटिस आहे. ई११.९ (गुंतागुंत नसलेला डायबेटिस) लावलाय, त्यावर एरर नाही.

साखरपेरणी
नाही म्हणजे? असायला हवी! क्यूए झोपलाय.

जुनी_फाईल
साखरपेरणी, जरा दमानं. ‘विथ’चा नियम आहे, पण नोंदीत दोन्हींचा संबंध नाही असं स्पष्ट असेल तर तो लागत नाही. रात्रपाळी, डॉक्टरने कारण काय लिहिलंय?

रात्रपाळी
पेशंट पोलिसात आहे. ‘ड्यूटी बेल्टच्या दाबामुळे’ असं लिहिलंय. ते जड असतात ना, पिस्तूल, बेड्या, वायरलेस सगळं कमरेला. पण माझा प्रश्न बाजूचा आहे!

साखरपेरणी
‘बेल्टमुळे’ म्हणजे ‘डायबेटिसमुळे नाही’ असं होत नाही. डायबेटिक माणसाची नर्व्ह दाबाला लवकर बळी पडते, दोन्ही कारणं एकत्र असू शकतात.

जुनी_फाईल
मेडिकली शक्य आहे. पण डॉक्टरने एन्ट्रॅपमेंटचं (नस दबण्याचं) कारण नाव घेऊन लिहिलंय, तिथे मी तरी स्वतःहून ई११.४१ लावणार नाही. शंकाच असेल तर विचारावं.

आता बाजू. क्यूएने ‘फक्त असेसमेंट बघा’ हे कुठून आणलं? त्या व्हिजिटची अख्खी नोट डॉक्टरची असते, एचपीआयसुद्धा (आजाराची हकीकत). शिवाय गाईडलाईनच्या पहिल्या भागात, १.बी.१३ मध्ये, ऑक्टोबर २०२१ पासून एक वाक्य वाढलंय: प्रोव्हायडरने (डॉक्टरने) बाजू लिहिली नसेल तर इतर क्लिनिशियनच्या नोंदीवरून घेता येते. म्हणजे नर्सने लिहिलेलं ‘डावी’सुद्धा चालतं. .१० कधी? संपूर्ण नोंदीत बाजू कुठेच नसेल तेव्हा. हेच रिबटलमध्ये टाका.

रात्रपाळी
हेच हवं होतं!! एचपीआयमध्ये ‘डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा’ असं स्वच्छ आहे. टाकते.

चष्मा_विसरलो
थांबा, टाकू नका. एक्झॅममध्ये (डॉक्टरच्या तपासणीत) काय आहे?

रात्रपाळी
त्याचं काय? क्यूएने एक्झॅमबद्दल काही म्हटलेलंच नाही.

चष्मा_विसरलो
म्हणून तर विचारतोय. सेन्सरी एक्झॅमची ओळ वाचून सांगा. आणि इंजेक्शन दिलंय का?

रात्रपाळी
एक्झॅम: ‘उजव्या मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात पिनप्रिक (टाचणीची जाणीव) कमी. ताकद पूर्ण, गुडघ्याचा रिफ्लेक्स नॉर्मल.’
ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) दिलाय, प्रोसिजरचा कोड ६४४५०, एलटी (डावी) मॉडिफायरसह. प्रोसिजर नोटमध्ये डावी.
एक्झॅमचा टेम्प्लेट जुन्या व्हिजिटमधून कॉपी झाला असणार, सरळ दिसतंय. दोन ठिकाणी डावी, एकाच ठिकाणी उजवी.

चष्मा_विसरलो
दिसतंय तुम्हाला. नोंदीत तसं लिहिलेलं नाही. इथे मतमोजणी चालत नाही.

जुनी_फाईल
ही ओळ पहिल्या पोस्टमध्ये असती तर मी वरचं लिहिलंच नसतं. त्याच १.बी.१३ चं पुढचं वाक्य: बाजूबद्दल नोंदीत परस्परविरोध असेल तर डॉक्टरला क्युरी (लेखी विचारणा). तेव्हा .१० ही नाही, .१२ ही नाही, चार्ट होल्डवर. शिवाय सुई डाव्या बाजूला टोचलीये आणि तपासणीत बधिर बाजू उजवी आहे. हा नुसता कोडचा विषय राहत नाही, पेशंटचा होतो.

बाकावरचा_शेवटचा
.१३ लावा. दोन्ही बाजू झाल्या, भांडण मिटलं.

चष्मा_विसरलो
.१३ हा दोन्ही मांड्यांना आजार असलेल्यांसाठी आहे, गोंधळलेल्या नोटसाठी नाही.

साखरपेरणी
अनस्पेसिफाइड गेला तर क्लेम परत येतो, म्हणून डावी धरून पाठवून द्यायचं. आमचा टीएल (टीम लीडर) हेच सांगतो.

जुनी_फाईल
टीएलला ते ईमेलवर लिहून द्यायला सांगा. बघू देतो का.

रात्रपाळी
क्युरी कशी लिहू? ‘पेशंटची बाजू डावी आहे हे कन्फर्म करा’ चालेल?

जुनी_फाईल
अजिबात नाही, ती लीडिंग (उत्तर सुचवणारी) क्युरी झाली. तिन्ही नोंदी जशाच्या तशा द्या: एचपीआयमध्ये हे, एक्झॅममध्ये ते, प्रोसिजर नोटमध्ये हे. मग विचारा, मेराल्जियाची बाजू कोणती? पर्याय: डावी, उजवी, दोन्ही, इतर, सांगता येत नाही. पैशाचा, डिनायलचा (क्लेम नाकारण्याचा), तुमच्या स्कोअरचा उल्लेख नको. डायबेटिसशी संबंध आहे का, हा वेगळा प्रश्न म्हणून खाली घाला, म्हणजे साखरपेरणी यांना झोप लागेल.

साखरपेरणी
लागेल, पण उत्तर काय आलं ते इथे टाका.

चष्मा_विसरलो
ब्लॉक अल्ट्रासाऊंडखाली असेल आणि त्या गायडन्सचा ७६९४२ हा कोड लावला असेल, तर इमेज सेव्ह केल्याची नोंद आणि रिपोर्ट आहे ना तेही बघा.

रात्रपाळी
ते मी विचारलं नव्हतं. पण बघते. ... नोंद आहे.
क्युरी टाकली. रिबटलमध्ये लिहिलं: .१० मान्य नाही, नोंदीत विरोध आहे, क्युरी प्रलंबित. क्यूएचं उत्तर आलं, ‘मग तुमचा .१२ सुद्धा चूकच, एरर कायम.’

जुनी_फाईल
त्यात तथ्य आहे. पण त्याचा .१० ही टिकत नाही, तेव्हा एररचं कारण बदलून मागा. क्रिटिकलमधून उतरवतील कदाचित.

शेवंती
मी बीफार्म झालेय, सीपीसी (कोडरचं सर्टिफिकेट) करायचंय. पुण्यात क्लास कोणता चांगला? नाईट शिफ्ट कम्पल्सरी असते का?

झणझणीत
त्या पोलिसाला सांगा, बेल्टऐवजी खांद्यावरून पट्टे येतात ते घाल म्हणावं.