क्विन्सच्या फोडी पांढऱ्याच राहिल्या?

क्विन्स, म्हणजे सफरचंद-नासपतीच्या जातकुळीतलं कडक, तुरट फळ. त्याच्या फोडी साखरेच्या पाकात पाऊण तास उकळूनही लाल न होता पांढरट राहिल्या म्हणताय, तर पाकात चूक नाही, वेळ कमी पडलाय. भावानं ऑक्टोबरात श्रीनगरहून किलोभर क्विन्स आणली, तेव्हा इथे कोथरूडला मी करून बघितलं. लिटरभर पाणी, ३५० ग्रॅम साखर, दालचिनी, चार लवंगा. सालं आणि गाभे फेकू नका हो! मलमलच्या फडक्यात बांधून पाकातच सोडा. पेक्टिन त्यांच्यात भरपूर असतं, पाक छान दाटतो. मग अगदी मंद आचेवर अडीच तास. दुसऱ्या तासात कडा गुलाबी झाल्या, शेवटी अख्खी फोड डाळिंबी. कच्च्या फळाला तुरट करणारी टॅनिनंच तापून हा रंग देतात. कुकर मात्र नको, लगदा होतो. गार फोड चक्क्याबरोबर खाऊन बघाच.