गोळी सोडायची घाई नको, आणि पल्सच्या आकड्याबद्दल

रोज पाऊण तास चालायला लागलं की बीपीची गोळी हळूहळू सोडता येते असं वर लिहिलंय, ते मला पटत नाही, निदान डॉक्टरांना न विचारता तर अजिबातच नको. चालण्याने रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त सोडतं आणि ती सैलावते, टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी अँजिओटेन्सिनला (रक्तवाहिन्या आवळणारं शरीरातलं रसायन) अडवते, म्हणजे दोघांची कामं वेगळी, दोन्ही मिळूनच रक्तवाहिन्यांचा कडकपणा कमी व्हायला मदत होते.

आणि एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून सांगते. माझ्या बाबांना मेटोप्रोलॉल ही बीपीची गोळी चालू आहे, ते घड्याळात बघून पल्स १२० व्हायलाच पाहिजे म्हणून पार धाप लागेपर्यंत चालायचे, पण ही गोळी ठोके फार वाढूच देत नाही, त्यामुळे तो आकडा त्यांच्यासाठी चुकीचाच होता. मग डॉक्टरांनी सांगितलं की चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, तेवढा वेग बास. आता आठवड्याला १५० मिनिटं आरामात होतात. फक्त शेवटची ५ मिनिटं हळू चाला हं, एकदम थांबलं की बीपी खाली जाऊन चक्कर येऊ शकते, गोळ्या चालू असतील तर जास्तच.