पहिल्यांदा वर गेलात तेव्हाचा अनुभव सांगा (भाचीसाठी विचारतोय)

उजळाईवाडीची
काल भाचीला हैदराबादच्या विमानात बसवायला आपल्या कोल्हापूर विमानतळावर गेलतो. २०२४ ला नवीन टर्मिनल झालं तेव्हापासून तिकडं पहिल्यांदाच. बाहेर जाळीला नाक लावून सात-आठ वर्षांचं एक पोरगं उभं. त्याचा बाप गाडीवर, दोन्ही बाजूला दुधाचे कॅन, "चल की लेका, दूध नासंल" म्हणून बोंबलतोय. पोरगं ढिम्म.

मला आमचे अप्पा आठवले. लुनावर पुढं उभं करून न्यायचे मला तिथंच. विमान यायचं नाही यायचं, काही नेम नाही. तासभर वारा खाऊन, शेंगा फोडून परत. "राजाराम महाराजांनी संस्थान असताना बांधलंय हे," एवढं मात्र दर वेळी सांगायचे. स्वतः कधी विमानात बसले नाहीत.

चाळिशीला नवऱ्यानं मला 'उड्डाणाचा अनुभव' भेट दिला. कुठं ते सांगत नाही. चार सीटचं विमान, मला बसवलं मागं. पुढं पायलट आणि त्याच्या शेजारी त्यांचाच कोणीतरी ओळखीचा. वीस मिनिटं ऊस बघितला. उतरल्यावर सर्टिफिकेट, त्यात माझं नाव चुकलेलं. नवऱ्याला 'लई भारी' म्हणालो, काय करणार.

आता भाची बारावीला आहे, पायलट व्हायचंय म्हणते. लाखांचा विषय आहे. त्याआधी एकदा वर पाठवून बघावं असं बहिणीला वाटतंय. कुठल्या प्रकारचं घ्यावं? तुमचे अनुभव सांगा, चांगले-वाईट सगळे.

रस्साप्रेमी
ताई विषय काढलासा. कामशेत, पॅराग्लायडिंग. ऑफिसची आठ पोरं. पहाटे दोनला निघालो, वाटेत मिसळ हाणली. एक्स्ट्रा कट घेऊन.

तिथं गेल्यावर वारा नाही म्हणून चार तास डोंगरावर बसवून ठेवलं. मग एकदम "चला चला". मागं बांधलेला पायलट सांगतोय, मी थांब म्हणेपर्यंत पळायचं, बसायचं नाही. मी दोन पावलं पळालो, छत्रीनं ओढल्यावर वाटलं झालं, आणि खुर्चीत बसल्यासारखा बसलो. तसाच घासत पुढं. पँट गेली. परत वर चढून दुसऱ्यांदा. ह्यावेळी कड्याच्या पुढं हवेत पाय मारत होतो तरी पळतच होतो. मागनं म्हणतोय, काका झालं, आता बसा.

वर मात्र शांत. पार खालच्या वाडीतलं कुत्रं भुंकलेलं ऐकू येतंय. मग त्यानं विचारलं स्पायरल मारू का, म्हणजे गरागरा फिरत खाली, मी म्हणालो मार की. तिथं चुकलं.

शाहूपुरी तिसरी गल्ली
मिसळ कुठली?

रस्साप्रेमी
कुठली का असंना, परत आली.

शाहूपुरी तिसरी गल्ली
😂😂 त्या पायलटचं काय झालं?

रस्साप्रेमी
तो मागं होता म्हणून वाचला. खालच्या शेतकऱ्याचं सांगू शकत नाही.

कोथरूडची_मीरा
छान धागा. ताई, एक शंका, तुम्ही 'गेलतो', 'म्हणालो' असं लिहिलंय. टायपो आहे का?

उजळाईवाडीची
टायपो न्हाई गं, कोल्हापूर आहे. आमच्यात पोरी पण गेलो आलोच म्हणतात.

माहेर गंगावेस
मी मेलबर्नमध्ये बारा वर्षं आहे आणि अजून 'आलो'च म्हणते... म्हणतो 😄

ताई, तुमच्या भाचीच्या कामाचं सांगतो. इथं त्याला टीआयएफ म्हणतात, ट्रायल इन्स्ट्रक्शनल फ्लाइट. मूराबिन विमानतळावर शिकवणाऱ्या संस्था ओळीनं आहेत. माझ्या मुलीला सोळाव्या वाढदिवसाला घेऊन गेलो होतो, मी मागच्या सीटवर, तुमच्यासारखीच. फरक एवढाच की पोरगी पुढं डावीकडं. कॅप्टनची जागा ती.

उडायच्या आधीची वीस मिनिटं मला जास्त आवडली. बाईंनी (इन्स्ट्रक्टर बाई होत्या) तिच्या हातात एक पारदर्शक पेला दिला, पंखाखालच्या झडपेतून त्यात थोडं इंधन काढायला लावलं आणि उजेडात धरायला सांगितलं. निळं असतं ते, फिकट निळं. खाली पाण्याचा थेंब दिसतो का बघायचं. दुसऱ्या पंखाखाली परत तेच. पोरीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, कारण तिला वाटलेलं जायचं आणि उडायचं.

मग जमिनीवर चालवायला दिलं. ती स्टिअरिंग फिरवतेय आणि विमान सरळच चाललंय! जमिनीवर पायानं वळवतात, पॅडल असतात. पिवळ्या रेघेवरून आमचं विमान दारू प्यायल्यासारखं चाललं होतं. वर गेल्यावर बाई म्हणाल्या 'हँडिंग ओव्हर', हिनं म्हणायचं 'टेकिंग ओव्हर'. म्हणाली, पण आवाजच फुटेना. खाली ब्रायटनच्या किनाऱ्यावरच्या त्या रंगीत लाकडी खोल्या, समोर खाडी. हिनं दांडा घट्ट आवळून धरलेला. बाईंनी सांगितलं, दोन बोटांनी धर, नाकासमोर क्षितिज ठेव, तुझ्यापेक्षा विमानाला जास्त कळतं.

तो वेळ तिच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या वहीत, लिहून दिला. शिक्षणातच धरतात तो इथं.

पुढं झाली का पायलट? नाही. आता पशुवैद्यक शिकतेय. पण ते लॉगबुक ठेवलंय, एकाच ओळीचं.

उजळाईवाडीची
निळं इंधन! मला तर कुणी विमानाला हातसुद्धा लावू दिला नाही.

हलगी
आमच्या इकडं जत्रेत हेलिकॉप्टर यायचं राईडला. दहा मिनिटं पण नाही. पोत्यातनं बटाटे भरावेत तसं भरतात आणि ओततात. पण आईला न्हेलतो, तिनं वरनं जोतिबाच्या डोंगराकडं हात जोडले. पैसे वसूल.

दत्ताची वाडी
हेलिकॉप्टर म्हटलं की आम्हाला २०१९ चा पूर. शिरोळ तालुका. गच्चीवर चार दिवस, खाली म्हशी गेल्या. वरनं पाकिटं टाकायचे. आवाज आला की पोरं नाचायची, आई रडायची. अजून आवाज आला की गच्चीवर जातो मी. विषयाला सोडून झालं, माफ करा.

माहेर गंगावेस
नाही हो दादा, लिहा. आम्ही तेव्हा इथून फोन लावत होतो, शिरोलीला हायवे बंद, कुणाचाच लागत नव्हता.

हलगी
🙏

निवृत्त मास्तर
मोबाईलवर टंकतो आहे, चुका पोटात घालाव्यात.
आमच्या तरुणपणी पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला जाण्याचा योग आला. सरकारी केंद्र, मोजके शुल्क. इंजिन नसलेले विमान. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला विंच असते, तिच्यावर तारेचे रीळ. खूण झाली की तार गुंडाळली जाते आणि आपण पतंगासारखे वर. पतंगच! पाठ सीटला चिकटते, समोर फक्त आभाळ, जमीन दिसत नाही. हजारएक फुटांवर खटकन तार सुटते आणि मग जी शांतता येते ती वर्णन करता येत नाही, म्हणून करत नाही.

एक गोष्ट सांगतो. समोरच्या काचेवर बाहेरून लाल लोकरीचा वीतभर धागा चिकटवलेला होता. मला वाटले कुणाची तरी नजर लागू नये म्हणून. प्रशिक्षक हसले. म्हणाले, मास्तर, हे आमचे सर्वांत भरवशाचे यंत्र. धागा मध्यरेषेवर सरळ असेल तर विमान वारा नीट कापते आहे, बाजूला फेंगडला तर आडवे घसरते आहे. पुढे बत्तीस वर्षे नववीला भौतिकशास्त्र शिकवले. सदिश आले की तो धागा काढायचोच.
मुलीला जमल्यास ग्लायडरमध्ये बसवा. इंजिन नसले की चूक लपत नाही.

पेटाळा_९६
मास्तर तुम्ही कुठल्या शाळेत होता? आम्हाला पण एकजण धाग्याचं सांगायचे!!

निवृत्त मास्तर
खरडवहीत या.

चौपाटी१८९५
विमानाचा शोधच मराठी माणसाने लावला आहे. शिवकर बापूजी तळपदे. १८९५. राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे. हे कुणी सांगत नाही.

निवृत्त मास्तर
सांगतात, पुरावा मात्र देत नाहीत. ज्या 'वैमानिक शास्त्र' पोथीचा आधार देतात ती बंगळूरच्या विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासली. त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत आणि ती पोथीही विसाव्या शतकातली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. अभिमानाला जे. आर. डी. टाटा आहेत की. १९२९ चा वैमानिकाचा परवाना, १९३२ साली टपाल घेऊन कराची ते मुंबई स्वतः.

चौपाटी१८९५
मास्तर तुमच्याशी वाद नाही. पण जेआरडी मराठी कुठे.

शाहूपुरी तिसरी गल्ली
आता हे दोघं रात्री अकरापर्यंत. मी जेवून येतो.

सांजवात
लिहू का नको असं झालं होतं. मुलाला लहानपणापासून विमानांचं वेड. घरात मॉडेलं, भिंतीवर पोस्टर. बारावीनंतर एका ठिकाणी आधी मोठी रक्कम भरायला लावली, क्लास सुरू करा, मेडिकल तपासणी नंतर बघू म्हणाले. वर्षाने मेडिकलला गेला तर त्या ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडेच दिसेनात. लाल-हिरवा रंगांधळेपणा. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे तो शर्टाचे रंग चुकवायचा, आम्ही हसायचो.
पैसे निम्मे पण परत नाही मिळाले. त्याचं एवढं काही नाही. त्याने पोस्टर काढलं त्या दिवशीचं सांगवत नाही.
ताई, भाचीला विमानात बसवायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. तेवढंच सांगायचं होतं.

माहेर गंगावेस
🫂 काय करतो आता?

सांजवात
बेंगलोरला आहे, विमानाच्याच पार्टचं डिझाइन. पोस्टर परत लावलंय, आमच्याकडे नाही, त्याच्याकडे.

दीडशे तास झाले
सध्या सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) करतोय, पाऊस आहे म्हणून रूमवर लोळत पडलोय, नाहीतर लिहायला वेळ नसता. सांजवात काकू १००% बरोबर. चष्मा चालतो, त्याची भीती नको, रंग ओळखता आले पाहिजेत. आधी क्लास टू मेडिकल, म्हणजे सुरुवातीची तपासणी, डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) यादीतल्या डॉक्टरकडूनच. मग क्लास वन, सीपीएलसाठीची. माझं बेंगलोरला हवाई दलाच्या संस्थेत झालं. ते होईपर्यंत कुणालाही मोठी रक्कम देऊ नका, कितीही गोड बोलूदेत.

भाचीला फिजिक्स मॅथ्स आहे ना? स्टुडंट लायसन्स १६ ला मिळतं, सीपीएल १८ ला, २०० तास उडावं लागतं.

उजळाईवाडी ताई, तुम्हाला जे मिळालं ती जॉयराईड. वाईट नाही, पण ती वेगळी. फोन करताना एवढंच विचारा: पुढं कोण बसणार आणि कंट्रोल हातात मिळणार का. 'बघू', 'पायलटवर आहे' असं म्हणाले की फोन ठेवा. आणि सोबत जो बसेल तो इन्स्ट्रक्टर आहे का नुसता पायलट, हे पण. संस्था डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते साईटवर दिसतं. तो वेळ लॉगबुकात धरणार का हे पैसे द्यायच्या आधी लेखी घ्या, मेलबर्नसारखं इथं गृहीत धरू नका.

सकाळचा स्लॉट मागा. दुपारी जमीन तापली की खालनं धक्के बसतात, छोटं विमान एसटीसारखं उडतं. पहिल्याच दिवशी ओकली तर बिचारीला वाटेल आपल्याला जमणार नाही. मी पहिले चार दिवस ओकलोय.

रस्साप्रेमी
मिसळ खाल्लेली का?

दीडशे तास झाले
पोहे.

कोथरूडची_मीरा
आणि पॅराग्लायडिंग मग कशासाठी? माझा नवरा पाचगणीहून उडाला तेव्हापासून स्वतःला पायलट समजतो 🙄

दीडशे तास झाले
मजेसाठी बेस्ट. मी पण करतो. पण कॉकपिटमध्ये आवडेल का हे त्यावरनं नाही कळत. आमच्या कामात बराच वेळ चेकलिस्ट वाचणं आणि रेडिओवर ऐकणं. ज्याला त्या निळ्या इंधनात मजा वाटली त्याचं जमतं. रस्साप्रेमी दादांनी पॅराग्लायडिंगच करावं.

रस्साप्रेमी
मंजूर. पाऊस संपला की ऑक्टोबरात परत जाणार आहे, गाडीत दोन जागा आहेत. शंभर किलोच्या वर असाल तर आधी सांगा, तिथं वजन करतात आणि सगळ्यांसमोर आकडा ओरडून सांगतात.

हलगी
मी ९८. भिजलो तर १००.

उजळाईवाडीची
बाप रे केवढं लिहिलंय सगळ्यांनी. भात लावून आलो तर चाळीस प्रतिसाद.
सांजवात, उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. भाचीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. 'दोन बोटांनी धर' ला गप्प झाली, मग म्हणाली मावशी, ते पेल्यात इंधन बघायचं इथं पण करायला देतात का विचार. दीडशे तास, देतात का रे?

दीडशे तास झाले
मागितलं तर देतात. उडायच्या आधी कुणीतरी करायचंच असतं ते, आमच्यात सगळ्यात ज्युनियरच्या गळ्यात पडतं. हाताला वास लागतो दिवसभर. ओढणी नको म्हणावं, आणि स्लीपर नको. पॅडल आहेत.

शाहूपुरी तिसरी गल्ली
जेवून आलो. तळपदेंचं काय ठरलं?