पानखाऊ माकडं : पक्की माहिती इथे लिहा (अनुभव धागा)

येऊरच्या उतारावर, घोडबंदर रोडलगतच्या सोसायट्यांत आणि पलीकडे कर्नाळ्याला दिसणारी काळ्या तोंडाची वानरं, आणि त्यांचे जगभरातले पानखाऊ भाऊबंद, यांच्यासाठी हा धागा. वानराने काय काय पळवलं याचे किस्से नकोत. ओळख, खाणं, निरीक्षण, अडचणी असं कामाचं लिहा. लाल तोंडाच्या माकडांचा धागा वेगळा काढू.

रानवाट
पहिला घोळ ओळखीतच होतो. खाऊ गालात कोंबून पळणारं ते लाल तोंडाचं माकड. वानराला गालात पिशव्या नसतातच. फोटो काढणाऱ्यांनी शेपटी पाहावी. उत्तरेकडची वानरं चालताना शेपटीची कमान पाठीवरून डोक्याकडे आणतात, दक्षिणेकडची मागे सोडतात. प्राणिशास्त्रज्ञ रूनवाल यांनी यासाठी तापी-गोदावरी अशी ढोबळ रेषा मांडली होती, त्यामुळे आपल्या भागातले फोटो कामाचे. फोटो बाजूने घ्या, सपाटीवर चार पायांवर चालतानाचा. बसलेल्या वानराची शेपटी नुसती लोंबते, त्यावरून काही ठरवू नका.

पोटोबा
सगळी गंमत पोटात आहे. यांचं जठर गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं. पुढच्या कप्प्यांत जिवाणू पानातले तंतू (सेल्युलोज) आंबवतात, त्यातून निघालेली आम्लं वानर शोषून घेतं, आणि मागच्या आंबट कप्प्यात ते जिवाणूच पचवून टाकतं. जिवाणू फोडणारं लायसोझाइम वानरात आणि गाईत वेगवेगळ्या वाटांनी सारखंच बदलत गेलं, हे 1987 साली दाखवलं गेलं.

अडचण अशी की आंबवण्याच्या कप्प्यात आम्ल वाढलं की तिथले कामाचे जिवाणूच मरतात. बिस्किट, पाव, पिकलेली केळी झपाट्याने आंबतात, आम्ल साठतं, पोट फुगतं. शनिवारी मारुतीच्या नावाने केळ्यांचा घड घेऊन जाणाऱ्यांना हे कोण सांगणार! रानातही ती फळं खातात, पण बरीचशी कच्ची, आणि बिया दातांनी फोडून. पानांतही निवड असते: कोवळ्यात प्रथिनं जास्त, तंतू कमी. जून पान हाती आलं तर पुष्कळदा देठ तेवढा चावून पातं टाकून देतात. झाडाखाली बिनदेठाची अख्खी पाती विखुरलेली दिसली तर वर बघा.

टिपणवही
नोंदी घेणाऱ्यांसाठी: दर 10 मिनिटांनी टोळीवरून एकदाच नजर फिरवायची, कायम डावीकडून उजवीकडे. दिसेल त्या प्रत्येक वानराचं त्या क्षणाचं काम लिहायचं. खात असेल तर झाडाचं नाव आणि भाग: कोवळं पान, जून पान, कळी, फूल, कच्चं फळ, पिकलं फळ, बी, देठ, साल. नुसतं ‘पान’ लिहिलं तर ती नोंद पुढे कशालाच उपयोगी पडत नाही. 8×42 (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरते.

चुकतं कुठे? दुपारी ती दाट पानांत पचवत बसतात, म्हणजे दिसत नाहीत, आणि वहीत विश्रांती कमी, खादाडी जास्त उतरते. म्हणून दर वेळी किती वानरं दिसली हा आकडा लिहाच. दुसरं, खाण्यात गेलेला वेळ म्हणजे पोटात गेलेलं वजन नव्हे. शेंग सोलायला वेळ लागतो, पालवी भराभर ओरबाडून होते.

नकाशेवाला
पानखाऊंचे वंश (जवळच्या जातींचे गट) दहा: तीन आफ्रिकेत, सात आशियात. पिल्लांचे रंगच बघा: आपल्या वानराचं काळपट, निलगिरी वानराचं तांबूस तपकिरी, त्रिपुरातल्या चष्मेवाल्या वानराचं गवती पिवळं. सोनेरी वानर मानस आणि संकोश नद्यांच्या मधलं. त्याचं शास्त्रीय वर्णन थेट 1956 चं. चीनमधल्या युन्नानचं आखूड नाकाचं माकड 4000 मीटरच्या वरही राहतं आणि दगडफूल खाऊन हिवाळा काढतं. बोर्निओचं लांब नाकाचं माकड तर खाल्लेलं वर आणून पुन्हा चावताना नोंदलं गेलंय.

जास्वंदीची मालकीण
आमच्या आवारातल्या देशी बदामाची आणि आंब्याची पानं वानरं खातात. ती बाधत नाहीत का?

पोटोबा
ताई, प्रश्न नेमका आहे. त्या पानांत फिनॉल वर्गातली रसायनं भरपूर, आणि ती पचनात अडथळा आणतात. झांझिबारची लाल कोलोबस ही पानखाऊ माकडं याच दोन्ही झाडांची पानं खातात आणि वर जळक्या लाकडाचा कोळसा चघळतात. कोळसा ती रसायनं धरून ठेवतो. तुमच्याकडे कोळसा ठेवायची गरज नाही, वानरं अनेक झाडांवर थोडंथोडं खाऊन एका विषाचा भार वाढू देत नाहीत. आवारात एकच जात लावण्यापेक्षा वड, उंबर, पिंपळ, शिवण असं मिश्र लावा.

जास्वंदीची मालकीण
आणि गॅलरीला कबुतरांची जाळी आहे, ती चालेल का?

रानवाट
नाही, नायलॉन दातांनी तुटतं. लोखंडी वेल्डमेश चौकटीत घट्ट बसवून घ्या, कडेला फट नको. विजेच्या धक्क्याने किंवा गाडीखाली जखमी झालेलं वानर दिसलं तर वनविभागाचा 1926 लावा. तोंडात पाणी, दूध, ग्लुकोज काही ओतू नका. अर्धवट शुद्धीत ते श्वासनलिकेत जातं. तारेजवळ पडलं असेल तर आधी महावितरणकडून वीज बंद करून घ्या, मगच जवळ जा. पिल्लू आईला चिकटलेलं असेल तर ओढून सोडवू नका, बचाव पथक येईपर्यंत गर्दी लांब ठेवा आणि कुत्री हाकला.