शहर सोडायचंच तर वर्धा गाठा, वर्धा रोडवरचा ले-आउट नको

(एका चर्चेतल्या नोंदी; प्रत्येकीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

धामकाठ

नागपूर सोडायचं ठरलं की माणूस रविवारी गाडी काढतो, वर्धा रोडला लागतो आणि पाट्या वाचत बुटीबोरीपर्यंत जातो. मिहान (विमानतळाजवळचा उद्योगांचा पट्टा) इतकी मिनिटं, एम्स तितकी मिनिटं. पाटीवरची मिनिटं रविवारी सकाळी सहा वाजता मोजलेली असतात, हे सोडून द्या. माझा मुद्दा वेगळा आहे. ले-आउट म्हणजे शेतात पाडलेले प्लॉट, गाव नाही. तिथं दवाखाना, बरी शाळा, भाजीबाजार, रात्री अकराला उघडं औषधाचं दुकान, सगळ्यासाठी परत नागपूरच. म्हणजे नोकरी करणारा एकटा नाही, घरातले चौघेही ये-जा करतात.

वर्ध्याचं उलट आहे. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं रुग्णालय, दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची. शाळा, कॉलेज, बाजार गावातच. रोज प्रवास करायचा तो एकानं. तोही रेल्वेनं, सुमारे ७५ ते ८० किमी. एक्सप्रेसला तासाभराचं अंतर, आणि मासिक पास १५० किमीपर्यंत निघतो. तयार शहरात राहायला जा, शहर तयार होण्याची वाट बघत बसू नका.

मेमूप्रवासी

पास निघतो, गाडी वेळेवर निघत नाही. कारण समजून घ्या. दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे दोन मुख्य मार्ग नागपूर ते सेवाग्राम एकाच पट्ट्यातून जातात. त्यात कोळशाच्या मालगाड्या. तिसऱ्या-चौथ्या लाइनचं काम सुरू आहे, आणि काम सुरू असतं तेव्हा ब्लॉक पडतो, म्हणजे लाइन काही वेळ बंद. ब्लॉक पडला की आधी पॅसेंजर आणि मेमू (जवळच्या पल्ल्याच्या गाड्या) बाजूला काढतात. सकाळी नागपूरजवळच्या अजनी स्टेशनच्या अलीकडे आउटर सिग्नलला वीस मिनिटं गाडी उभी, ही तक्रार नाही, वेळापत्रकाचा भाग समजा.

पासाचे नियमही आधी वाचा. आरक्षित डब्यात तो चालत नाही. सुपरफास्टला अधिभार वेगळा भरावा लागतो. आणि लांब पल्ल्याच्या गाडीचे जनरल डबे वर्ध्याला येईस्तोवर भरलेले असतात.

घर बघताना अजून एक गोष्ट लोक विसरतात. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. चेन्नईकडच्या गाड्या वर्धा जंक्शनला जातच नाहीत, सेवाग्रामवरून वळतात. तुमची सकाळची गाडी एका स्टेशनची आणि संध्याकाळची दुसऱ्या स्टेशनची असेल, तर दुचाकी कुठल्या स्टँडवर ठेवणार?

कामठी रोड

दाराला कुलूप लावल्यापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत मोजू. घर ते स्टेशन १५ मिनिटं, गाडी चुकू नये म्हणून १० आधी, गाडीत ६० ते ७५, नागपूर स्टेशनवर उतरून मेट्रोपर्यंत चालत आणि पुढे २५. झाले दोन तास. दोन्हीकडचे चार. पोरगं झोपेतून उठायच्या आत बाप गेला आणि जेवून झोपल्यावर आला, याला कुटुंबासाठी शहर सोडणं म्हणत नाही बावा.

त्यापेक्षा कामठी बघा, नागपूरच्या ईशान्येला, बर्डीपासून (सीताबर्डी, शहराचा मध्य) १५-१६ किमी. ऑक्टोबर २०२४ पासून एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक डबल डेकर पूल सुरू आहे, म्हणजे इंदोऱ्याची कोंडी टळते. मेट्रोचं दुसऱ्या टप्प्यातलं काम ऑटोमोटिव्ह चौकापासून कन्हान नदीपर्यंत, सुमारे १३ किमी, कामठी गावातूनच. नगर परिषद आहे, बाजार जुना आहे, रेल्वे आहे. अजून काय पाहिजे?

सातबारा

कामठीत काय पाहिजे ते सांगतो: जमिनीचा प्रकार. कामठी १८२१ पासूनची छावणी आहे. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतले बंगले बरेचदा ‘ओल्ड ग्रँट’वर असतात. म्हणजे बांधकाम तुमचं, जमीन सरकारची. विकताना, वाढवताना, कर्ज काढताना तिन्ही वेळी अडतं. त्यामुळं आधी हद्द विचारा: कॅन्टोन्मेंट, नगर परिषद की बाजूची नगर पंचायत किंवा ग्रामपंचायत? रस्ता एकच, कायदे तीन.

बाकी कुठेही प्लॉट घ्या, क्रम हाच ठेवा. सातबारा आणि त्यावरचे फेरफार, निदान ३० वर्षांचा शोध. भोगवटादार वर्ग १ (मोकळेपणी विकता येते) की वर्ग २ (परवानगीशिवाय नाही), ते बघा. वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी किंवा नजराणा भरून वर्ग १ केल्याचा आदेश मागा. मग जमीन अकृषक (शेतीऐवजी घरासाठी) असल्याचा कागद. मग मंजूर ले-आउटचा नकाशा, शहराबाहेर असेल तर एनएमआरडीएचा (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), आणि त्या नकाशावर तुमचा प्लॉट नंबर खरंच आहे का ते स्केल लावून बघा. सार्वजनिक वापराच्या जागेवर प्लॉट पाडून विकलेले आहेत. नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) भागात आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, लागतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून ‘टॅक्स पावती आहे ना’ म्हणतात; ती कराची नोंद आहे, मालकी नाही.

सामाईक सातबाऱ्यावर अविभक्त हिस्सा विकत असतील तर उठून या. आणि विदर्भातली खास भानगड: झुडपी जंगल. नोंदीत ‘झुडपी’ हा शब्द दिसला की थांबा. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही जमीन वनजमीनच धरली आहे. सोपी चाचणी सांगू? बयाणा द्यायच्या आधी राष्ट्रीयीकृत बँकेत गृहकर्जाची फाइल टाका. बँकेचा वकील जिथं नाही म्हणतो तिथं तुम्हीही नाही म्हणा.

मुरूम

कागद सगळे बघतात, माती कोणी बघत नाही. बेसा, बेलतरोडी, जामठा, बुटीबोरी हा बराचसा काळ्या मातीचा पट्टा. पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षी हा खेळ चालतो. हलक्या पायावरची भिंत दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी फाटते. प्लॉट घेण्याआधी जेसीबीनं एक खड्डा मारून मुरूम किती खोल लागतो ते बघा. दीड मीटरच्या आत लागला तर साधे फुटिंग (पायाचे ठोकळे) मुरमावर उतरवता येतात. नाही लागला तर अंडररीम्ड पाइल (तळाला फुगीर असलेले काँक्रीटचे खांब), साधारण साडेतीन मीटर खोल, वर प्लिंथ बीम (जोत्याची तुळई), आणि बीमखाली मातीला फुगायला मोकळी जागा. जोत्यात तीच काळी माती परत भरू देऊ नका, मुरूम भरा. घराभोवती मीटरभर रुंदीचं एप्रन (पक्की फरशी) करा, म्हणजे पायाजवळची माती भिजणं-सुकणं कमी होईल. पाया आणि जोत्याचा हा जादा खर्च प्लॉटच्या भावात धरला की ‘स्वस्त’ प्लॉट स्वस्त राहत नाही.

तयार घर घेत असाल तर मे महिन्यात बघा. दिवाळीत रंग मारलेला असतो.

धामकाठ

मुरूमभाऊंनी माझाच मुद्दा मांडला. ले-आउटमध्ये पाया, बोअर, रस्ता, गटार सगळं तुम्हीच करायचं. वर्ध्यात ते झालेलं आहे.

बोअरवाला

झालेलं कुठं आहे? वर्ध्याच्या नव्या कॉलन्या नगर परिषदेत नाहीतच. पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, नालवाडी, म्हसाळा, या ग्रामपंचायती. दलाल दोन्हीला वर्धाच म्हणतो. नळाचं कनेक्शन कोणाकडून, किती दिवसाआड, आणि उन्हाळ्यात किती, हे गल्लीतल्या तीन घरी विचारा.

बोअरबद्दल: नागपूरच्या पश्चिमेला, काटोल, कळमेश्वर, हिंगणा बाजूला काळा पाषाण. पाणी मिळतं ते झिजलेल्या थरात आणि फटींत. फट लागली तर लागली, नाहीतर शेजाऱ्याला पाणी आणि तुमचा कोरडा, दहा फुटांच्या अंतरानं. काटोल–नरखेडला संत्र्याच्या बागा आहेत, म्हणजे पाण्याला आधीच गिऱ्हाईक आहे. तिथं नवीन बोअरच्या भरवशावर घर बांधू नका. पूर्वेला उमरेड, भंडाऱ्याकडे खडक वेगळा. कुठलंही असो, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइड १ च्या आत असावं, १.५ च्या वर तर पोरांना देऊच नका. आरओ बसवू म्हणाल तर त्याचं वाया जाणारं पाणीही त्याच बोअरमधून येतं.

कामठी रोड

मग कामठीच. नदी आहे, नळ आहे.

बोअरवाला

नदी आहे म्हणूनच पूरही आहे. ऑगस्ट २०२० च्या शेवटी तोतलाडोह धरणाचं पाणी सोडल्यावर पारशिवनी, कामठी, मौदा तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत काय झालं ते तिथल्या लोकांना विचारा. भिंतीवर पाण्याची रेघ अजून सापडते. आणि वायव्येला कोराडी आणि १३४० मेगावॉटचं खापरखेडा, दोन्ही कोळशावरची वीज केंद्रं. हिवाळ्यात वारा तिकडून आला की राख इकडे. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला, तोही याच भागात. पहाटे गच्चीवर पांढरा कपडा वाळत घालून संध्याकाळी झटकून बघा.

लाल डबा

सगळे मोटार किंवा रेल्वेच बोलून राहिले. एसटीचा हिशोब मांडतो. मासिक पास २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस, त्रैमासिक ५० दिवसांच्या भाड्यात ९० दिवस. म्हणजे महिन्याला ४० फेऱ्यांचं भाडं. पण मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. महिन्यात २५ दिवस, ५० फेऱ्या, अर्ध्या दरानं २५ फेऱ्यांचंच भाडं. नोकरी करणाऱ्या बाईनं पूर्ण दराच्या पासाऐवजी रोजचं तिकीट काढलेलं स्वस्त. आता सावनेर, कळमेश्वर, उमरेड, रामटेक अशी एसटीची चांगली ये-जा असलेली गावं बघा आणि नवरा-बायकोपैकी कोण प्रवास करणार तेही ठरवा.

मोटारीचा हिशोबही घ्या. वर्धा रोज १५० किमी, लिटरला १८, पेट्रोल १०५ धरलं तर दिवसाला ८७५, २४ दिवसांचे २१,०००. राष्ट्रीय महामार्गावर फास्टॅगचा वार्षिक पास (ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा ३००० चा) २०० फेऱ्यांचा आहे; एक नाका, दिवसातून दोनदा, तर चार महिन्यांत संपतो. समृद्धीवर तो पास चालत नाही आणि दुचाकीला तर तिथं मनाईच आहे.

धामकाठ

पेट्रोलचा हिशोब मान्य, म्हणूनच रेल्वे म्हणतो. चार तासांचंही खरं आहे, जर ऑफिस हिंगण्याला किंवा कळमन्याला असेल. ऑफिस स्टेशनपासून मेट्रोच्या टप्प्यात असेल, बर्डी, शंकरनगर, काँग्रेसनगर, आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम असेल, तर वर्धा जमतं. दोघंही रोज नागपूरला जात असतील तर नाही जमत, हे मी मानतो. तेव्हाही ले-आउट घेऊ नका, मेट्रोच्या आजच्या शेवटच्या स्टेशनपासून दुचाकीनं दहा मिनिटांत येईल असं जुनं गाव बघा.

मेमूप्रवासी

‘आजच्या’ हा शब्द अधोरेखित करा. २०१८ मध्ये ब्रॉडगेज मेट्रोचा करार झाला, वर्धा, नरखेड, रामटेक, भंडारा रोड, सगळीकडे पाट्या लागल्या, भाव चढले. त्या गाड्या अजून यायच्या आहेत. नागपूर–उमरेड–नागभीडची छोटी लाइन रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली; त्या वर्षी ‘दोन वर्षांत गाडी’ म्हणून प्लॉट घेणारे कुठं आहेत? भंडाऱ्याचंही बघा, स्टेशन वरठीला, गावापासून दहा किमी.

अकरावी बारावी

सगळा हिशोब पहिली ते दहावीचा चालू आहे. पोरगं नववीत असेल तर हलू नका. अकरावीला नीट-जेईईचा क्लास नागपुरात लागला की संध्याकाळी आठला सुटतो. मेट्रो रात्री दहाच्या सुमारास थांबते, कामठी-कन्हानची शेवटची बस भरवशाची नाही. मग आई पोराला घेऊन नागपुरात भाड्यानं आणि बाप कामठीत. दुसरी-तिसरीत असेल तर आत्ताच जा, आणि शाळेच्या बसची पहिली पिकअप वेळ लेखी घ्या. ले-आउटमधलं पोरगं बसमध्ये सगळ्यात आधी चढतं आणि सगळ्यात शेवटी उतरतं.

सातबारा

नागपुरातलं घर विकू नका, भाड्यानं द्या, आणि तिकडे वर्षभराचा करार करून भाड्यानं राहा. करार जूनपासून करा. म्हणजे पावसाळ्यातला रस्ता, हिवाळ्यातली राख आणि मे महिन्यातलं पाणी तिन्ही त्यात येतं. मगच रजिस्ट्री. ती राहत्या घराची असेल आणि एकट्या बायकोच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे.

कामठी रोड

जूनमध्ये शाळा सुरू होते, त्याआधी प्रवेश. म्हणजे भाड्याचं घर मार्चमध्येच बघावं लागेल.

सातबारा

मार्चमध्ये बघा, एप्रिलपासून घ्या. दोन महिन्यांचं भाडं जास्त गेलं तरी मे महिन्यातला नळ दोनदा बघायला मिळतो.