मदत हवी आहे : उचललेल्या जिप्सीचा कॅस्टर आणि ड्रॅग लिंकचा कोन कसा जुळवावा?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००७ सालची मारुती जिप्सी आहे. मी घेतली तेव्हाच ती उचललेली, म्हणजे मूळपेक्षा उंच केलेली होती. आधीच्या मालकांनी जास्त बाकाचे पाटे (लीफ स्प्रिंग) बसवले होते आणि पुढचे शॅकल (पाट्याचे टोक चेसीला जोडणारा झुलता दुवा) मूळपेक्षा ५० मिमी लांब करून घेतले होते. वेल्हे, केळद या बाजूच्या दगडगोट्यांच्या वाटांवर गाडी उत्तम चालते. अडचण येते ती डांबरी रस्त्यावर. ताशी ६० किलोमीटरच्या पुढे ती सरळ रेषेत राहत नाही, सतत सावरावी लागते. वरंधा घाटातले वळण संपल्यावर हात सैल सोडले, तर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही, आहे तिथेच थांबते. शिवाय डावे चाक खड्ड्यात गेले की स्टिअरिंगची कडा हातातून दोन बोटे सरकते. घरच्यांना घेऊन घाट उतरायचा असतो, म्हणून हे अंगवळणी पाडून घेण्याची माझी तयारी नाही.

टायरमधली हवा, किंगपिनचे (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळते तो खिळा) बेअरिंग, बॉल जॉइंट आणि स्टिअरिंग बॉक्सचा प्ले (ढिलेपणा) हे सर्व तपासून झाले आहे. अलाइनमेंटच्या दुकानात टो (पुढची चाके समोरून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे प्रमाण) जुळवून दिला. मात्र या गाडीचा कॅस्टर (चाकाच्या वळण्याच्या आसाचा मागे झुकलेला कोन, ज्यामुळे स्टिअरिंग आपणहून सरळ होते) बदलता येत नाही, असे सांगून विषय तिथेच संपवला. यंत्रावर कॅस्टर डावीकडे ०.५ आणि उजवीकडे ०.७ अंश दिसत होता.

माझ्या समजुतीप्रमाणे दोष लांब शॅकलचा आहे. जिप्सीत पुढच्या पाट्याचे शॅकल पुढच्या टोकाला असते आणि मागचे टोक चेसीला पक्के असते. शॅकल ५० मिमी लांब केले की गाडी उचलली जाते साधारण निम्मीच, म्हणजे २५ मिमी. पण पाट्याचे पुढचे टोक पूर्ण ५० मिमी खाली जाते आणि त्याबरोबर अ‍ॅक्सल पुढे कलंडून माझ्या हिशोबाने ३ अंशांच्या आसपास कॅस्टर खातो.

यावर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये ३ अंशांची पोलादी पाचर बसवणे हा एक उपाय आहे. जिप्सीत पाटा अ‍ॅक्सलच्या खालून जात असल्यामुळे पाचरीची जाड बाजू पुढे यायला हवी. पाटा अ‍ॅक्सलच्या वर असलेल्या गाड्यांत हेच उलट करावे लागते. प्रश्न असा की कॅस्टर वाढवताना डिफरन्शियलचे (अ‍ॅक्सलमधला गिअरचा गोळा) तोंड तितकेच खाली झुकते आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या (त्या गोळ्याला फिरवणारा दांडा) क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर, कोन वाढतो. माझ्या गाडीला फ्री-व्हील हब (पुढची चाके अ‍ॅक्सलपासून सोडवणारी सोय) नसल्याने फक्त मागच्या चाकांवर चालवतानाही तो शाफ्ट फिरत राहतो. एवढ्या लिफ्टवर ३ अंशांची पाचर बसवल्यावर कोणाला कंप जाणवला का?

दुसरी बाब ड्रॅग लिंकची. पिटमन आर्मपासून (स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा हात) डाव्या चाकाकडे जाणारी ही लिंक आता आडवी न राहता १२ अंश उतरती झाली आहे. या कोनात अ‍ॅक्सल ५० मिमी वर आला की लिंकचे टोक सुमारे १० मिमी बाजूला ढकलले जाते, आणि खड्ड्यात स्टिअरिंग फिरते ते यामुळेच. गॅरेजमधल्या मिस्त्रींनी वाकवलेली लिंक बसवण्याचा सल्ला दिला आहे. परंतु कोन ठरतो तो दोन बॉल जॉइंटच्या केंद्रांना जोडणाऱ्या सरळ रेषेवरून, मधली नळी कशीही वाकवली तरी तो तसाच राहतो. त्या वाकाने फार तर पाट्याला होणारी अडचण दूर होईल, असे मला वाटते. शिवाय स्टिअरिंगचा भाग तापवून वाकवणे किंवा त्याला वेल्डिंग करणे मला मुळीच मान्य नाही. खाली उतरलेला पिटमन आर्म हा खरा उपाय दिसतो, पण त्यामुळे स्टिअरिंग बॉक्सच्या शाफ्टवर वाढणारा ताण आणि अ‍ॅक्सल पूर्ण वर आल्यावर आर्मला उरणारी जागा, या दोन शंका आहेत.

माझा कल आधी मूळ लांबीचे शॅकल परत बसवण्याकडे आहे. उंची २५ मिमीने कमी झाली तरी चालेल. त्यानंतर कॅस्टर पुन्हा मोजून गरज पडली तरच लहान पाचर, मग पिटमन आर्म, मग ड्रॅग लिंकची लांबी बदलून स्टिअरिंग मध्यावर आणणे आणि टो सर्वांत शेवटी. हा क्रम बरोबर आहे का? ज्यांनी पाट्यांच्या गाडीवर हे काम स्वतः केले आहे, त्यांनी आपले आधीचे आणि नंतरचे कॅस्टरचे आकडे, तसेच पाचर पोलादाची होती की अ‍ॅल्युमिनियमची आणि ती सेंटर बोल्टवर (पाट्यांची पाने मधोमध जोडणारा बोल्ट) कशी धरून ठेवली, हे कृपया लिहावे. पुण्याच्या आसपास कॅस्टर मोजून देणारे आणि पाचरीचे काम जबाबदारीने करणारे गॅरेज माहीत असल्यास तेही कळवावे.