मदत हवी आहे: रेकॉर्डिंग अडखळतंय, तीन एन्कोडर (व्हिडिओ दाबून फाइल बनवणारे) बदलून झाले

माळव्याचा_गेमर (इंदूर)
ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर गेम रेकॉर्ड करतोय. खेळताना सगळं सुरळीत, पण फाइल लावली की चित्र सारखं अडकतं. एक्स२६४ (प्रोसेसरवर चालणारा), एनव्हेंक (एनव्हिडिया कार्डावरचा), एचईव्हीसी सगळं लावून पाहिलं. योग्य सेटिंग कोणतं? आज रात्रीच संपवायचंय.

रामबाग_०७
ग्राफिक्स कार्ड? प्रोसेसर? रिझोल्यूशन? ओबीएसची स्टॅट्स खिडकी उघडा आणि रेकॉर्डिंग चालू असताना कोणता आकडा चढतो ते सांगा: रेंडरिंग लॅगचा (फ्रेम वेळेत तयार होत नाही) की एन्कोडिंग लॅगचा (फ्रेम वेळेत दाबली जात नाही)? दुखणी वेगळी, औषधंही वेगळी.

फक्त_एक्स२६४
एक्स२६४, प्रीसेट (वेग-दर्जाची पायरी) मीडियम, सीआरएफ (दर्जाचा आकडा) १८. हार्डवेअर एन्कोडरला ती सफाई येत नाही.

रामबाग_०७
दादा, गेम चालू असताना मीडियम लावला तर प्रोसेसर कोलमडेल. बिटरेटची (सेकंदाला किती डेटा त्याची) चणचण लाइव्हला असते. इथे फाइल डिस्कवर जातेय, थोडा बिटरेट वाढवला की एनव्हेंकही तितकंच स्वच्छ देतो.

फक्त_एक्स२६४
आणि फाइल किती फुगेल?

रामबाग_०७
४० मेगाबिटला तासाला १८ जीबी. सेकंदाला ५ एमबी, साधी हार्ड डिस्कही सहज लिहिते.

माळव्याचा_गेमर
आय५ १०४००एफ, जीटीएक्स १६५०, १०८०पी ६०. रेंडरिंग लॅग १४ टक्के, एन्कोडिंग ०.

विजयनगर_पीसी
इंटेल प्रोसेसरमधला एन्कोडर, क्विक सिंक वापरा, कार्डावरचा भार उतरेल.

रामबाग_०७
१०४००एफ मधल्या ‘एफ’चा अर्थच आतलं ग्राफिक्स बंद. क्विक सिंक यादीत दिसणारच नाही. एव्ही१ हा नवा एन्कोडरही नाही, एनव्हिडियात तो आरटीएक्स ४० मालिकेपासून.
गेमचा एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) मोकळा सोडलाय का? जीपीयू, म्हणजे कार्डाची चिप, किती टक्के वापरात?

माळव्याचा_गेमर
मोकळाच आहे. ९९.

रामबाग_०७
इथेच घोडं अडलंय. एनव्हेंक हा चिपवरचा स्वतंत्र भाग, पण त्याच्या हाती फ्रेम देण्याआधी ओबीएस सीन जुळवतो तो जीपीयूवरच. गेमने सगळं कार्ड व्यापलं की ओबीएसची पाळी येत नाही, फ्रेम एन्कोडरपर्यंत पोचतच नाही. मग एन्कोडर कुठलाही लावा.
आधी गेमचा एफपीएस ६० वर बांधा. जीपीयू तरीही ९०च्या वर राहिला तर सावल्या एक पायरी खाली. ओबीएस ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा, विंडोज त्याला जीपीयूवर प्राधान्य देतं. डिस्प्ले कॅप्चर असेल तर काढून गेम कॅप्चर घ्या. एनव्हेंक एच२६४, सीक्यूपी (इथला दर्जाचा आकडा) २०, प्रीसेट पी५. लूक-अहेड (पुढच्या फ्रेम आधी तपासणं) बंद, ते एनव्हेंक सोडून जीपीयूचे कोअर वापरतं.
फाइल एमकेव्ही प्रकारातच ठेवा. मध्येच लाइट गेली तर एमपी४ उघडत नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची वाचते.

छप्पन_दुकान
मे महिन्यात इंदुरात कार्ड तापून त्याचा वेग (क्लॉक स्पीड) उतरतो. जाळीवरची धूळ काढा.

विजयनगर_पीसी
नाहीतर सरळ सिल्व्हर मॉलमधून आरटीएक्स ३०५० घ्या.

रामबाग_०७
मोकळ्या एफपीएसवर तेही ९९लाच जाईल.

माळव्याचा_गेमर
६० वर बांधलं, ॲडमिननेच उघडलं. जीपीयू ७८. दहा मिनिटांत रेंडरिंग लॅग ०.१. पण आवाज चित्राच्या थोडा मागे येतोय?

रामबाग_०७
माइक ब्लूटूथचा आहे का? त्याचा आवाज उशिरा पोचतो.